दोन कलाकार, एक पियानो आणि चोवीस गीते : दिल्लीतील कलागीतांच्या मैफलीची ओळख

नवी दिल्लीच्या लोधी इस्टेट भागात मॅक्सम्युलर मार्गावर इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था आहे. तिच्या आवारातील सभागृहाला संस्थेचे पहिले अध्यक्ष आणि देशाचे माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे नाव दिलेले आहे. थंडीचे दिवस सुरू झाले की राजधानीतील अशा सभागृहांतून पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कार्यक्रम होऊ लागतात. त्यांपैकी एक प्रकार अगदी साधा दिसतो. रंगमंचावर एक मोठा पियानो असतो, त्यापाशी वादक बसलेला असतो आणि पियानोच्या वळणात एक गायक उभा असतो. वाद्यवृंद, वेशभूषा, नेपथ्य यांपैकी काहीही नसते आणि बहुधा ध्वनिक्षेपकही नसतो. हे दोन कलाकार तासा-सव्वातासात वीस-पंचवीस गीते सादर करतात.

या प्रकाराला कलागीतांची मैफल म्हणता येईल. जर्मन भाषेत अशा गीताला ‘लीड’ असे नाव आहे. मराठी श्रोत्याला ऑपेरा हा शब्द ऐकून माहीत असतो, सिंफनीही थोडीफार परिचयाची असते. कलागीत मात्र अनोळखी राहते. वास्तविक आपल्या भावगीताशी त्याचे नाते जवळचे आहे. शिवाय या गीतप्रकारातील सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या रचनेचा धागा थेट मॅक्सम्युलर मार्गाशी आणि तेथून लोकमान्य टिळकांपर्यंत पोहोचतो. या मैफलीत नेमके काय घडते, ते कसे ऐकावे आणि भारतात ही कला टिकण्यातील अडचणी कोणत्या, याचा हा परिचय.

कवितेसाठी केलेले संगीत

कलागीताचा आरंभ कवितेपासून होतो. आधी कवीची स्वतंत्र, छापील कविता असते. संगीतकार ती निवडतो, तिला चाल लावतो आणि पियानोचा भागही स्वतःच लिहितो. येथे पियानोवादकाने ऐन वेळी सुचेल तशी साथ करावयाची नसते. त्याचा प्रत्येक स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो. गायकालाही ताना, हरकती वा आलाप यांची मुभा नसते. स्वर, लय आणि शब्द ठरलेले असतात. गायकाची प्रतिभा दिसते ती शब्दाच्या उच्चारात, आवाजाच्या चढउतारात, श्वास कोठे घ्यावा आणि एखाद्या अक्षरावर किती रेंगाळावे या निर्णयात.

हा प्रकार बहराला आला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, व्हिएन्ना शहरात. फ्रान्झ शुबर्ट हा त्याचा प्रमुख शिल्पकार. १७९७ साली जन्मलेल्या आणि १८२८ साली केवळ एकतिसाव्या वर्षी निधन पावलेल्या या संगीतकाराने सहाशेहून अधिक गीते रचली. वयाच्या सतराव्या वर्षी, १८१४ साली, त्याने गटेच्या ‘फाउस्ट’मधील सूत कातणाऱ्या तरुणीचे गीत स्वरबद्ध केले. त्यात पियानोवादकाचा उजवा हात चरख्याच्या चाकासारखा सतत फिरत राहतो. प्रियकराच्या चुंबनाच्या आठवणीपाशी तरुणी येते, तेव्हा चाक थांबते. मग अडखळत पुन्हा सुरू होते. ही थांबण्याची क्रिया शब्दांत सांगितलेली नाही, ती पियानो सांगतो. कवितेत न लिहिलेली गोष्ट वाद्याकडून वदवून घेणे हे कलागीताचे वैशिष्ट्य येथे स्पष्ट दिसते.

शुबर्टनंतर रोबेर्ट शूमान, योहानेस ब्राम्स, हूगो वोल्फ यांनी जर्मन गीताची परंपरा पुढे नेली. फ्रान्समध्ये गाब्रिएल फोरे आणि क्लोद दब्युसी यांनी, तर रशियात मुसोर्गस्की आणि चायकोव्हस्की यांनी आपापल्या भाषेत तिला वेगळे रूप दिले.

भावगीताशी साम्य आणि भेद

मराठीत १९३२ साली कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली. भावगीताच्या इतिहासातील हा आरंभीचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. पुढे गजाननराव वाटवे यांनी केवळ भावगीतांचे जाहीर कार्यक्रम करून या प्रकाराला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. स्वतंत्रपणे वाचता येईल अशी कविता, तिला साजेशी चाल, एक गायक आणि मोजकी साथ अशी ही मांडणी शुबर्टच्या मित्रांच्या बैठकींशी बरीच जुळणारी आहे. शुबर्टची गीतेही प्रथम मोठ्या सभागृहांत नव्हे, तर व्हिएन्नातील घरांच्या दिवाणखान्यांत, वीस-तीस स्नेह्यांसमोर गायिली जात.

भेद आहे तो साथीच्या स्वरूपात. भावगीतात चाल हा गाण्याचा प्राण असतो. पेटी आणि तबला तिला आधार देतात. साथीदार बदलला तरी गाणे तेच राहते. कलागीतात पियानोचा भाग काढून टाकला, तर गीत अर्धे उरते. गायक उदास मनाने वसंताचे स्वप्न सांगत असतो आणि पियानो त्याच वेळी ते स्वप्न मोडत असतो. दोघांचे म्हणणे नेहमी एकच असते असे नाही.

गोव्यातील मांडो या गीतप्रकाराचाही येथे उल्लेख करावयास हवा. कोकणी शब्द, पाश्चात्त्य स्वररचना आणि व्हायोलिनसोबत घुमट अशी त्याची घडण आहे. पाश्चात्त्य पद्धतीने रचलेले गीत भारतीय भाषेत रुजल्याचे हे उत्तम उदाहरण होय.

बॅरिटोन म्हणजे काय

पाश्चात्त्य पद्धतीत गायकांचे वर्गीकरण आवाजाच्या पल्ल्यानुसार आणि पोतानुसार केले जाते. स्त्रियांच्या आवाजांत सोप्रानो, मेझो-सोप्रानो आणि आल्टो, तर पुरुषांच्या आवाजांत टेनर, बॅरिटोन आणि बास असे ढोबळ भेद आहेत. बॅरिटोन हा मधला आवाज. खोल वा भारदस्त ध्वनी अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. बहुसंख्य पुरुषांचा स्वाभाविक आवाज या पट्टीच्या आसपास असतो.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर काळी एक हा षड्ज धरून गाणारा गायक मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत सहज फिरत असेल, तर त्याच्या गळ्याची मर्यादा बॅरिटोनच्या मर्यादेशी जवळजवळ जुळते. तथापि आवाज लावण्याची पद्धत निराळी आहे. मोठे सभागृह ध्वनिक्षेपकावाचून भरून टाकावयाचे असल्याने श्वासाचा आधार, छाती आणि मस्तक यांतील अनुनाद आणि स्वरांचे उच्चारण यांवर वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागते. कलागीतात त्याहून अवघड कसोटी असते ती हळू गाण्याची. कुजबुजीइतका हलका स्वर शेवटच्या रांगेत अर्थासह पोहोचला पाहिजे.

बॅरिटोन आणि कलागीत यांची जोडी जुनी आहे. शुबर्टची गीते व्हिएन्नात लोकप्रिय करणारा योहान मिखाएल फोगल हा ऑपेराचा नामवंत बॅरिटोन होता आणि शुबर्टपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी मोठा होता. शुबर्टची संपूर्ण गीतमालिका जाहीर मैफलीत सलग गाण्याचा पहिला मोठा प्रयोग १८५६ साली व्हिएन्नात यूलिउस श्टॉकहाउझेन या बॅरिटोननेच केला. विसाव्या शतकात डीट्रिश फिशर-डीस्काउ (१९२५–२०१२) हे नाव या कलेशी एकरूप झाले. १९४३ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, बर्लिनच्या त्सेलेनडोर्फ भागात सतरा वर्षांच्या या तरुणाने ‘विंटररायझे’ ही मालिका गावयास घेतली असता हवाई हल्ल्यामुळे कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला होता.

मूळ गीत टेनरच्या पट्टीत लिहिलेले असले तरी बॅरिटोन ते खाली उतरवून गातो. त्यासाठी उंच, मध्यम आणि खालच्या आवाजांकरिता वेगवेगळ्या छापील आवृत्त्या मिळतात. आपल्याकडे गायकाने पट्टी बदलली की पेटीवादकाला जे करावे लागते, तेच येथे पियानोवादकाला करावे लागते.

पियानोवादक : साथीदार की सहकलाकार

पियानोत एकंदर ८८ पट्ट्या आणि सुमारे २३० तारा असतात. त्या तारांचा एकत्रित ताण वीस टनांच्या जवळपास जातो. मैफलीचा मोठा पियानो नऊ फूट लांब आणि सुमारे पाचशे किलो वजनाचा असतो. असे बलाढ्य वाद्य एका मानवी आवाजासोबत वाजवताना तो आवाज झाकला जाणार नाही याची दक्षता घेणे, हे या वादकाचे पहिले कौशल्य. ब्रिटिश पियानोवादक जेराल्ड मूर यांनी आयुष्यभर गायकांची साथ केली आणि साथीदाराला बरोबरीचा मान मिळावा यासाठी लेखणीही झिजवली. त्यांच्या १९६२ सालच्या आत्मचरित्राचे नावच ‘मी फार मोठ्याने वाजवतो आहे का?’ अशा अर्थाचे आहे.

मराठी रसिकांना हा प्रश्न नवा नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने पेटीला साथीच्या पलीकडे स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. नाट्यसंगीताच्या बहराच्या काळात पेटीवादक हा नाटकाचा अर्धा आधार मानला जाई. पियानोवादकाकडे पाहताना ही आठवण उपयोगी पडते. गीत सुरू होण्यापूर्वीच्या चार-सहा ओळींत तो ऋतू, वेळ आणि मनःस्थिती उभी करतो. गायक थांबल्यानंतर अखेरच्या ओळींत तो अनेकदा निकालही देतो.

‘हिवाळी प्रवास’ आणि त्याचा कवी

बॅरिटोन आणि पियानो यांच्यासाठी सर्वांत कठीण आणि सर्वांत आदराची मानली जाणारी रचना म्हणजे शुबर्टची ‘विंटररायझे’, अर्थात ‘हिवाळी प्रवास’. यात २४ गीते असून ती सलग सादर करण्यास सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. प्रेमभंग झालेला एक तरुण रात्रीच्या वेळी, बर्फातून, प्रेयसीचे गाव सोडून निघतो. पुढे कथा म्हणावी असे फारसे घडत नाही. गोठलेली नदी, कावळा, गावाबाहेरील स्मशान, वाटेवरचा फलक अशी दृश्ये येतात आणि प्रत्येक दृश्यात त्याचे एकटेपण गडद होत जाते.

या कवितांचा कर्ता विल्हेल्म म्युलर हा जर्मनीतील डेसाउ या गावचा ग्रंथपाल आणि कवी होता. आपल्याला गाता-वाजवता येत नाही, पण आपल्या कवितांना कधीतरी समानधर्मा संगीतकार भेटेल, अशी आशा त्याने तरुणपणीच आपल्या रोजनिशीत व्यक्त केली होती. तसा संगीतकार भेटला. मात्र दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. शुबर्टने १८२३ साली म्युलरच्या कवितांवरून ‘सुंदर गिरणीवाली’ ही वीस गीतांची मालिका रचली. ‘हिवाळी प्रवासा’ची पहिली बारा गीते फेब्रुवारी १८२७ मध्ये तयार झाली. उरलेल्या बारा गीतांचे काम त्याने त्या वर्षीच्या शरद ऋतूत हाती घेतले. त्याच सुमारास, १८२७ च्या सप्टेंबरअखेरीस, म्युलरचे निधन झाले. तेहतीस वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता.

शुबर्टने ही गीते आपल्या मित्रांना स्वतः गाऊन दाखवली, तेव्हा त्यांतील उदासीने मित्र गोंधळून गेले. त्यांच्यापैकी फ्रान्झ फोन शोबर याने आपल्याला ‘लिंडेन वृक्ष’ हे एकच गीत आवडल्याचे सांगितले. हीच गीते पुढे तुम्हांलाही आवडू लागतील, असे शुबर्टचे उत्तर होते. मालिकेचा पहिला भाग जानेवारी १८२८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागाची मुद्रिते शुबर्टने मृत्युशय्येवर तपासली. १९ नोव्हेंबर १८२८ रोजी तो गेला आणि दुसरा भाग डिसेंबरअखेरीस, त्याच्या पश्चात, बाजारात आला.

पित्याची कविता, पुत्राचा ऋग्वेद

विल्हेल्म म्युलर निवर्तला तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचाही नव्हता. ६ डिसेंबर १८२३ रोजी, म्हणजे ‘सुंदर गिरणीवाली’ आकार घेत होती त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी, जन्मलेला हा मुलगा पुढे संस्कृतपंडित फ्रीडरिश मॅक्सम्युलर म्हणून जगप्रसिद्ध झाला. संगीतकार कार्ल मारिया फोन वेबर हा त्याच्या घराचा स्नेही होता आणि त्याच्याच ऑपेरातील नायकावरून मुलाचे ‘मॅक्स’ हे नाव ठेवण्यात आले. लाइपझिगमध्ये शिकत असताना मॅक्सम्युलरचा संगीतकार मेंडेल्सोन याच्याशी परिचय होता आणि संगीतालाच वाहून घेण्याचा विचारही त्याच्या मनात होता. अखेर तो भाषाशास्त्राकडे वळला.

१८४९ ते १८७४ या काळात त्याने सायणभाष्यासह ऋग्वेदाची सहा खंडांची आवृत्ती संपादित करून छापली. संस्कृतात त्याने आपले नाव ‘मोक्षमूलर’ असे लिहिले आणि महाराष्ट्रातील जुन्या पिढीतही तो त्याच नावाने ओळखला जात असे. १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या विनंतीअर्जात मॅक्सम्युलरचा पुढाकार होता. त्याने आपल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती टिळकांना तुरुंगात पाठवली. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळकांची मुदतीपूर्वी सुटका झाली. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत टिळकांनी हे ऋण नमूद केले आहे.

मॅक्सम्युलर स्वतः भारतात कधीच आला नाही. भारतातील जर्मन सांस्कृतिक केंद्रांना मात्र ‘मॅक्सम्युलर भवन’ हे नाव मिळाले आणि दिल्लीतील एका मार्गालाही. त्याच मार्गावर २२ जानेवारी १९६२ रोजी इंडिया इंटरनॅशनल सेंटरचे उद्घाटन झाले. तेथील सभागृहाला ज्यांचे नाव आहे ते चिंतामणराव देशमुख हे १९१२ सालच्या मॅट्रिक परीक्षेतील संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी आणि कालिदासाच्या ‘मेघदूता’चे मराठी पद्यानुवादक होते. ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवरून, म्हणजे परंपरेनुसार आपल्या रामटेकवरून, प्रियेकडे मेघासोबत निरोप पाठवतो. ‘हिवाळी प्रवासा’तील प्रवासीही विरहीच आहे, पण त्याच्याकडे निरोप पाठवण्यास कोणी नाही. तेराव्या गीतात टपालगाडीचा शिंगनाद ऐकून त्याचे हृदय उसळते, पियानोत घोड्यांच्या टापा वाजतात, पण त्याच्या नावाचे पत्र त्या गाडीत नसते. विरहकाव्याच्या या दोन टोकांची तुलना मराठी वाचकाला सहज करता येते.

शुबर्टलाही कालिदास अपरिचित नव्हता. १८२० साली त्याने ‘शाकुंतला’वर आधारित ऑपेरा रचावयास घेतला होता, तो अपुरा राहिला. हाइनेच्या ज्या कवितेत प्रेयसीला गंगातीरी नेण्याचे स्वप्न आहे, ती मेंडेल्सोनने स्वरबद्ध केली. इंग्रज संगीतकार गुस्टाव्ह होल्स्ट याने संस्कृतचा अभ्यास करून १९०७-०८ च्या सुमारास ऋग्वेदातील सूक्तांवर आवाज आणि पियानो यांसाठी गीते रचली. ऑस्ट्रियाच्या आलेक्झांडर त्सेमलिन्स्की याने रवींद्रनाथ ठाकूरांच्या कवितांवरून बॅरिटोन, सोप्रानो आणि वाद्यवृंद यांसाठी रचलेली ‘लिरिक सिंफनी’ १९२०च्या दशकातली. म्हणजे या परंपरेला भारत अनोळखी नाही. भारतीय श्रोत्याला ती परंपरा अनोळखी राहिली आहे.

आकाशवाणी आणि पट्ट्यांचा वाद

दिल्ली आणि पाश्चात्त्य संगीत यांच्या संबंधात आकाशवाणीचेही एक प्रकरण आहे. इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स १९३५ साली भारतात आले आणि १९३७ पासून ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहू लागले. भारतीय वाद्ये घेऊन वाद्यवृंद उभारण्याचे प्रयोग त्यांनी केले. एप्रिल १९३९ मध्ये कोलकात्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला. पेटीच्या ठरीव स्वरांमुळे भारतीय गायनातील मींड आणि श्रुती यांची हानी होते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या पश्चात, मार्च १९४० पासून, आकाशवाणीवर पेटीला बंदी घालण्यात आली. ती पुढे तीन दशके टिकली आणि १९७०च्या दशकाच्या आरंभी काही अंशी सैल करण्यात आली.

हाच आक्षेप पियानोलाही लागू पडतो का, असा प्रश्न रसिक विचारतात. पियानोवर मींड काढता येत नाही हे खरे. परंतु कलागीत मुळातच त्या ठरीव स्वरांच्या चौकटीत रचलेले असते आणि त्याचे सौंदर्य एका वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांच्या मेळात असते. रागसंगीतात एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटेला महत्त्व असते. येथे एकाच स्वराखालची जमीन बदलण्याला महत्त्व असते. गायक एकच स्वर धरून ठेवतो आणि पियानोने खालचा स्वरमेळ बदलला की त्या स्वराचा अर्थ बदलतो.

ऐकताना काय शोधावे

‘हिवाळी प्रवासा’चे पहिलेच गीत उदाहरणादाखल घेता येईल. पियानोत सारख्या लयीची पावले पडत राहतात. सुरावट कोमल गंधाराच्या अंगाने जाते. शेवटच्या कडव्यात प्रवासी झोपलेल्या प्रेयसीचा विचार करतो आणि तिची झोप मोडू नये म्हणून दार हळूच लोटतो. तेथे कोमल गंधाराऐवजी शुद्ध गंधार येतो. चाल जवळजवळ तीच असते, पण तेवढ्या एका बदलाने सारे मवाळ होते. काही क्षणांत पुन्हा कोमल गंधार परततो. रागातील एका स्वराने भाव कसा पालटतो हे जाणणाऱ्या भारतीय श्रोत्याला हा पालट कोणी समजावून सांगावा लागत नाही.

शेवटचे, चोविसावे गीत तर भारतीय कानांना विशेष ओळखीचे वाटेल. गावाबाहेर बर्फावर अनवाणी उभा असलेला एक म्हातारा हाताने चक्र फिरवून वाजवायचे वाद्य वाजवीत असतो. त्याची थाळी रिकामी असते, कोणी ऐकत नाही, कुत्री गुरगुरतात. पियानोवादकाच्या डाव्या हातात षड्ज आणि पंचम हे दोनच स्वर पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत वाजत राहतात. तानपुऱ्याची आठवण यावी असा हा नाद आहे. फरक इतकाच की तानपुरा गायकाला निवारा देतो, तर हा नाद त्याला उघड्यावर ठेवतो. गीताच्या अखेरीस प्रवासी त्या म्हाताऱ्याला विचारतो, की मी तुझ्यासोबत येऊ का आणि माझ्या गीतांना तू साथ करशील का. सव्वा तास चाललेली मैफल या प्रश्नावर संपते. गायक आणि वादक यांच्या नात्यावरच रचनेचा शेवट झालेला असल्याने, त्यानंतर पियानोवादकाला केवळ साथीदार म्हणणे कठीण जाते.

प्रथमच ऐकणाऱ्यांसाठी काही सूचना उपयुक्त ठरतील. प्रवेशद्वारापाशी मिळणाऱ्या पत्रिकेत कवितांचे भाषांतर दिलेले असेल, तर कार्यक्रमापूर्वी दहा मिनिटे ते वाचावे. गीत सुरू असताना मात्र कागदापेक्षा गायकाच्या मुखाकडे लक्ष द्यावे. आपल्या मैफलीत सुंदर जागेवर तत्क्षणी दाद देण्याची रीत आहे. येथे गीतमालिका सलग मानली जात असल्याने टाळ्या अखेरीस वाजवतात. पियानोचा शेवटचा स्वर विरेपर्यंतची शांतताही रचनेचाच भाग समजली जाते.

अडचणी आणि आशा

दिल्लीत ही कला जोपासणे सोपे नाही. पियानोची ध्वनिफळी लाकडाची असते. उन्हाळ्यातील पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारी कोरडी उष्णता आणि त्यामागोमाग येणारा पावसाळी दमटपणा यांमुळे ते लाकूड आकसते आणि फुगते, तारांचा ताण बदलतो आणि वाद्य बेसूर होते. त्यामुळे प्रत्येक मैफलीपूर्वी जाणकाराकडून स्वर जुळवून घ्यावे लागतात. ध्वनिक्षेपकावाचून आवाज पोहोचेल अशी बंदिस्त, शांत आणि मध्यम आकाराची सभागृहे मोजकी आहेत. मोठ्या सभागृहात ध्वनिक्षेपक लावला, की हलक्या स्वरांतील बारकावे हरवतात आणि मैफलीचे प्रयोजनच निसटते.

त्याहून मोठा प्रश्न शिक्षणाचा आहे. दिल्ली स्कूल ऑफ म्युझिकसारख्या संस्थांतून पियानो, व्हायोलिन आणि गायन यांचे शिक्षण मिळते. फ्रान्सिस वाक्झियार्ग (१९४२–२०१४) यांनी स्थापन केलेल्या नीमराणा म्युझिक फाउंडेशनने दिल्लीत ऑपेरा आणि पाश्चात्त्य गायनाच्या प्रशिक्षणासाठी प्रयत्न केले. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप यांनी भारतातील विविध शहरांत तरुण गायकांसाठी शिबिरे घेतली. ऑस्कर कॅस्टेलिनो यांच्यासारखा मुंबईचा बॅरिटोन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकून व्यावसायिक गायक झाला. तथापि पुढील शिक्षणासाठी परदेशी जावे लागते आणि परतल्यावर केवळ गायनावर चरितार्थ चालवणे दुष्कर असते. पियानो शिकणारी मुले पुष्कळ असली, तरी गायकाबरोबर वाजवण्याचे वेगळे शिक्षण क्वचितच मिळते.

कलागीताला भाषेचा अडसर आहे, हे नाकारता येत नाही. परंतु मराठी रसिकाने कानडी, हिंदी, ब्रज आणि पंजाबी बंदिशी अर्थाच्या अर्धवट आकलनावरही पिढ्यान्‌पिढ्या मनापासून ऐकल्या आहेत. येथे तर कवितेचे भाषांतर हाताशी असते. या परंपरेतील निवडक कवितांचे मूळ छंदाला धरून मराठी अनुवाद झाले आणि ते मराठीतूनच गायिले गेले, तर हा प्रकार अधिक जवळ येईल. ‘मेघदूता’चा पद्यानुवाद करणाऱ्या देशमुखांच्या नावाच्या सभागृहात विल्हेल्म म्युलरची कविता मराठी शब्दांत ऐकू येणे अशक्य नाही. त्यासाठी एक कवी, एक बॅरिटोन आणि एक पियानोवादक एवढीच माणसे लागतील.